संघमालकाने लीगशी कोर्टात भांडावं का? (कोची, डेक्कन आणि आपले पुणे वॉरियर्स)

गल्लीतला_पंच

आयपीएलमधल्या कोची टस्कर्सचा निकाल वाचलात का? १७ जून २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला यांनी बीसीसीआयचे अर्ज फेटाळले आणि लवादाचा २०१५ चा निवाडा कायम केला. कोची क्रिकेट प्रायव्हेट लिमिटेडला ३८४ कोटींच्या वर, राँदेव्हू स्पोर्ट्स वर्ल्डला १५३ कोटींच्या वर, मिळून साधारण ५३८ कोटी. एकच हंगाम खेळलेला, दहा संघांत आठवा आलेला संघ. आणि मालकांच्या बाजूने एवढा निकाल.

विसरला असाल तर थोडक्यात सांगतो. मार्च २०१० च्या लिलावात सहाराने पुणे ३७ कोटी डॉलरला घेतलं आणि राँदेव्हूच्या गटाने कोची ३३ कोटी डॉलरच्या वर. मग एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री थरूरांचा राजीनामा, आयपीएलचे आयुक्त ललित मोदींचं निलंबन, तो सगळा तमाशा. २०११ ला महेला जयवर्धनेच्या कप्तानीखाली कोची खेळलं. पुढच्या हंगामाची बँक गॅरंटी दिली नाही म्हणून १९ सप्टेंबर २०११ ला बोर्डाने करारच रद्द केला आणि आधीची गॅरंटी वटवली. मालकांचं म्हणणं होतं की स्टेडियमचा घोळ, भागधारकांच्या मंजुरीचा घोळ आणि ९४ सामन्यांवरून ७४ वर आलेला हंगाम, हे सगळं तुमच्याकडून झालंय. शिवाय गॅरंटीची तारीख उलटून गेल्यावरही बोर्ड त्यांच्याशी नेहमीसारखा व्यवहार करत राहिलं. माजी सरन्यायाधीश लाहोटी लवाद होते, त्यांनी ते मान्य केलं.

माझं मत सांगून टाकतो. मालकाने भांडलंच पाहिजे. नियम लीग करणार, तक्रारही लीगच करणार, शिक्षाही तीच देणार आणि दंड तिच्याच तिजोरीत जाणार. अशा वेळी मान खाली घालून "बोर्डाच्या निर्णयाचा आदर करतो" असं पत्रक काढणाऱ्या मालकाची मला चीड येते.

चौथा_पंच_नागपूर

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

बोरीवली_फास्ट

भांडा हो, पण आधी पैसे तर भरा! बँक गॅरंटी ही काही शिक्षा नाही, ती कराराची अट आहे. ज्याला ती भरता येत नाही त्याने ३३ कोटी डॉलरची बोली लावलीच कशाला? बाकी आठ संघ मुकाट्याने भरत होते ना?

आणि ५३८ कोटींचं एवढं कौतुक नको. ब्रॅड हॉजने २०२१ मध्ये ट्विट करून विचारलं होतं की कोचीच्या खेळाडूंचे ३५ टक्के पैसे अजून यायचेत, कुणी शोधून देईल का. दहा वर्षं झाली होती तेव्हा. मालक कोर्टात न्याय मागतोय आणि त्याचा फलंदाज ट्विटरवर पगार.

गहुंजेकर

पुण्याचं नाव निघालंय तर बोलणं भाग आहे.

आमच्याकडे तिसराच प्रकार झाला. सहाराने भांडण केलं, पण रुसून बसायचं भांडण. ९४ सामन्यांचा हिशेब धरून बोली लावली, ७४ झाले, तेव्हा फी कमी करा ही मागणी रास्तच होती. कोचीची तक्रारही तीच. पण सहाराने काय केलं? फेब्रुवारी २०१२ मध्ये ऐन लिलावाच्या दिवशी प्रायोजकत्व सोडतो, संघ सोडतो असं जाहीर केलं. युवराज आजारी होता, त्याच्या जागी खेळाडू घ्यायला पैसे वापरू देत नाहीत हे एक कारण होतं. मग समेट. मग पुन्हा तेच. मे २०१३ मध्ये बोर्डाने १७० कोटींची गॅरंटी वटवली आणि दुसऱ्या दिवशी आमचे मालक "आम्ही चाललो" म्हणून निघून गेले. लवाद कोण नेमायचा यावरच घोडं अडलं होतं. ऑक्टोबरमध्ये बोर्डाने अधिकृतपणे नाव कापलं.

तीन हंगाम. नववे, नववे, आठवे. जगाला आमचा संघ आठवतो तो गेलच्या ६६ चेंडूंतल्या १७५ मुळे. २३ एप्रिल २०१३, बंगळुरू. आम्ही गोलंदाजी करत होतो.

गहुंजेच्या स्टेडियमवरचं सहाराचं नावही महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने त्याच वर्षी उतरवलं, पैसे थकले म्हणून. ज्याच्याशी भांडायचं त्याचेही देणेकरी आणि ज्याच्या मैदानावर खेळायचं त्याचेही.

बोरीवली_फास्ट

गहुंजेकर, १७५ बद्दल मनापासून सहानुभूती. 😄

गहुंजेकर

ठेवा तुमच्याकडेच. ज्यांच्या मालकांना कधी बँक गॅरंटीची काळजी करावी लागली नाही त्यांनी आम्हाला शिकवू नये.

अ‍ॅडव्होकेट_ऑफस्पिन

मी वकील आहे, पण क्रीडा करार हा माझा रोजचा विषय नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

धाग्यात दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. मुंबई उच्च न्यायालयाने "कोची बरोबर, बोर्ड चूक" असा नव्याने खटला चालवलेला नाही. फ्रँचायझी करारात वाद लवादाकडे न्यायचं कलम आहे. लवादाने निवाडा दिला की लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात आव्हान देता येतं, पण तिथे पुरावे पुन्हा तपासायचे नसतात. लवादाने घेतलेली भूमिका शक्य कोटीतली असेल, तर न्यायाधीशांना स्वतःला वेगळं वाटलं तरी ते हात घालत नाहीत. त्यामुळे खरी लढाई २०१५ लाच झाली होती. पुढची दहा वर्षं बोर्ड तो निवाडा उलटवायला बघत होतं.

बोरीवली_फास्ट, "पैसे भरले नाहीत, विषय संपला" एवढं ते सोपं नाही. अट मोडली गेली हे मान्य करूनही प्रश्न उरतो की समोरच्याने ती अट सोडून दिल्यासारखं वागणं केलं का. तारीख गेल्यावर महिनोन्महिने तुम्ही त्याच्याकडून पैसे घेता, बैठका करता, त्याला खेळवता आणि मग एके दिवशी तीच जुनी तारीख काढून करार रद्द करता. लवादाला हे पटलं नाही.

बोरीवली_फास्ट

मग हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सचं काय? तोही निवाडाच होता ना?

अ‍ॅडव्होकेट_ऑफस्पिन

होता, आणि टिकला नाही. म्हणून तर ते प्रकरण जास्त मजेदार आहे.

संघाची मालक असलेल्या डेक्कन क्रॉनिकल कंपनीची आर्थिक स्थिती २०१२ मध्ये ढासळली होती. खेळाडूंचे पैसे थकले होते, संघाच्या मालमत्तेवर बँकांचा बोजा चढवला होता. बोर्डाने १६ ऑगस्टला तीस दिवसांची नोटीस दिली आणि १४ सप्टेंबरला करार रद्द केला. मोजून बघा, मुदत पुरी व्हायला एक दिवस बाकी होता. माजी न्यायमूर्ती सी. के. ठक्कर लवाद होते. जुलै २०२० मध्ये त्यांनी डेक्कनला ४,८१४ कोटी आणि वर व्याज असा निवाडा दिला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये न्या. गौतम पटेल यांनी तो रद्द केला. एवढा मोठा आकडा आणि त्यामागची कारणमीमांसाच निवाड्यात नाही, हा त्यातला मोठा आक्षेप होता.

मात्र त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये एक गोष्ट घडली होती, जी लोक विसरतात. उच्च न्यायालयाने डेक्कनला संघ वाचवायची संधी दिली होती. शंभर कोटींची बँक गॅरंटी द्या, करार रद्द होणं थांबवतो. ती त्यांना देता आली नाही. त्याच महिन्यात सन टीव्हीने हैदराबादचा नवा संघ घेतला.

मिडविकेट_मावशी

ऑफस्पिन, तुम्ही जे शेवटी लिहिलंत तेच मला मुद्द्याचं वाटतं आणि इथे सगळे कोटींचे आकडे मोजत बसलेत.

डेक्कन २००९ ची विजेती टीम होती. गिलख्रिस्ट कप्तान, आपला रोहित त्या संघात. त्या संघाचे चाहते हैदराबादमध्ये होते आणि एका सकाळी त्यांचा संघ उरला नाही. ४,८१४ कोटी जरी मिळाले असते तरी ते कुणाला? कंपनीच्या घेणेकऱ्यांना. चाहत्याला त्यातून एक झेंडासुद्धा परत मिळणार नव्हता. कोचीचंही तेच. ५३८ कोटी आले म्हणून कोचीत आयपीएलचा सामना होणार आहे का?

म्हणून मालक भांडला की नाही हे मी विचारत नाही. तो कोर्टात जाऊन काय मागतो ते मी बघते, संघ की भरपाई.

आता २०१० आठवा. ऑक्टोबरमध्ये बोर्डाने राजस्थान आणि पंजाब, दोन्ही संघांना हाकललं होतं. मालकी परस्पर बदलली, भागधारणेचे नियम मोडले असे आरोप होते. दोघेही ताबडतोब मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि स्थगिती मागितली. राजस्थानचं प्रकरण लवाद म्हणून न्या. श्रीकृष्णांकडे गेलं, ३० नोव्हेंबरला त्यांनी स्थगिती दिली, आणि पुढे हमीच्या अटी आल्या. पंजाबला कोर्टाकडून स्थगिती मिळाली. जानेवारी २०११ च्या लिलावात दोघेही टेबलावर बसले होते. वॉर्नने आपला शेवटचा हंगाम राजस्थानकडूनच खेळला. आणि पंजाब? ३ जून २०२५ ला अहमदाबादला अंतिम सामना खेळले, सहा धावांनी हरले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या संघाचं नाव कागदावर खोडून झालं होतं तो.

ते भांडण मला मान्य आहे. तेव्हाच्या तेव्हा आणि हमी देऊन.

पाऊसपाणी

+१ मावशी. हे वेगळं लिहून काढा कुठेतरी.

गल्लीतला_पंच

मावशी, तुमचं वर्गीकरण आवडलं, पण कोचीवर अन्याय होतोय. कोचीही आधी कोर्टात गेलं होतं. स्थगिती मागूनही मिळाली नाही तर मालकाने काय करायचं, घरी बसायचं? भरपाई हा उरलेला एकमेव मार्ग असतो. आणि त्या भरपाईचा धाकही असतोच. उद्या बोर्ड एखाद्या संघाला काढताना दहा वेळा विचार करेल.

बोरीवली_फास्ट

५३८ कोटींचा धाक? बीसीसीआयला? २०२२ मध्ये पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८ हजार कोटींच्या वर विकलेत त्यांनी. एका सामन्याचेच शंभर कोटींच्या पुढे येतात. म्हणजे कोची प्रकरण मिटवायला पाच सामने लागले. कसला धाक घेऊन बसलात!

चार्ल्सकाठचा_चिंतू

बॉस्टनहून लिहितोय, इथे हा विषय दहा वर्षं झाली तरी थंड झालेला नाही. ज्यांना अमेरिकन फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं.

आमच्या पेट्रियट्स संघावर आरोप होता की जानेवारी २०१५ च्या एका मोठ्या सामन्यात चेंडूतली हवा मुद्दाम कमी केली. मे महिन्यात लीगने दहा लाख डॉलर दंड केला, २०१६ च्या ड्राफ्टमधली (संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्या) पहिल्या फेरीची आणि २०१७ मधली चौथ्या फेरीची निवड काढून घेतली, आणि संघाचा मुख्य खेळाडू टॉम ब्रेडी याला चार सामने बंदी. मालक रॉबर्ट क्राफ्ट आधी फार गरजले. आठवड्याभरात सॅन फ्रान्सिस्कोला मालकांची बैठक होती, तिथे त्यांनी जाहीर केलं की नाइलाजाने शिक्षा स्वीकारतो, अपील करणार नाही. शहरात लोक खवळले. अनेकांना आठवला ओकलंडचा अल डेव्हिस. लीगने संघ हलवू दिला नाही तेव्हा त्याने लीगलाच कोर्टात खेचून हरवलं होतं आणि १९८२ मध्ये संघ लॉस एंजेलिसला नेला होता.

क्राफ्टचा हिशेब असा दिसत होता की मी नमतं घेतलं तर ब्रेडीची शिक्षा कमी होईल. जुलैत आयुक्त गुडेल यांनी चारही सामने कायम ठेवले. तेव्हा क्राफ्ट उघडपणे म्हणाले की लीगवर विश्वास टाकला ही माझी चूक झाली. ब्रेडी मात्र खेळाडूंच्या संघटनेमार्फत लढला. सप्टेंबरमध्ये न्या. बर्मन यांच्याकडे जिंकला, एप्रिल २०१६ मध्ये वरच्या कोर्टात दोन विरुद्ध एक असा हरला आणि शेवटी चार सामने बाहेर बसलाच. त्याच हंगामाच्या शेवटी २८-३ ने मागे असताना अंतिम सामना जिंकला आणि गुडेल यांना चषक क्राफ्टच्या हातात द्यावा लागला. शिट्ट्यांच्या आवाजात गुडेल काय बोलले ते धड ऐकूही आलं नाही.

सांगायचा मुद्दा, तिथल्या मालकाला भांडणं आपल्यापेक्षा अवघड आहे. तो स्वतःच लीगचा बत्तिसावा हिस्सेदार असतो. लीगवर दावा म्हणजे बाकी एकतीस भागीदारांवर दावा. आपल्याकडे संघमालक हा भाडेकरू आणि बीसीसीआय घरमालक.

मिडविकेट_मावशी

भाडेकरूचं पटलं. फक्त एक भाडेकरू असा होता की जो एकेकाळी घरमालकही होता. 🙂

गल्लीतला_पंच

चेन्नईवाले श्रीनिवासन! याची वाटच बघत होतो.

चौथा_पंच_नागपूर

संध्याकाळ झाली, रुमाल उचलतो.

चेन्नईचा मुद्दा काढलात म्हणून. मालक बोर्डाचा खजिनदार, मग सचिव, मग अध्यक्ष. २००८ मध्ये नियमच बदलला की पदाधिकाऱ्याला आयपीएलमध्ये हितसंबंध ठेवता येतील. २०१३ मध्ये जावई मय्यप्पन सट्टेबाजीत अडकला तेव्हा चौकशी समिती कुणी नेमली? बोर्डाने. तिने क्लीन चिट दिली. ३० जुलै २०१३ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरवली. मग सर्वोच्च न्यायालय, मुद्गल समिती, २२ जानेवारी २०१५ चा निकाल ज्यात तो बदललेला नियम रद्द झाला, आणि १४ जुलै २०१५ ला लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थानला दोन वर्षं बाहेर काढलं.

आता गल्लीतल्या पंचांना माझा प्रश्न. तुमच्या नियमाप्रमाणे चेन्नईने भांडायलाच हवं होतं ना? ते मद्रास उच्च न्यायालयात गेलेही. दोन वर्षांची शिक्षा काही टळली नाही. आणि टळली असती तर बरं झालं असतं का? मी चेन्नईचा चाहता आहे (नागपुरात असे बरेच सापडतील) आणि मला वाटतं ती शिक्षा झाली हेच बरं. "आमच्या मालकाने केलं, खेळाडूंचा काय दोष" हे मीही तेव्हा तावातावाने बोलायचो. दोष नव्हताच. पण संघाला शिक्षा नाही आणि एकट्या जावयाला आजन्म बंदी, एवढ्यावर भागवलं असतं तर पुढचा मालक काय शिकला असता?

गहुंजेकर

त्या दोन वर्षांत आम्हाला धोनी मिळाला, हे विसरू नका. रायझिंग पुणे! २०१७ चा अंतिम सामना एका धावेने हरलो. मुंबईकडून.

आणि २०१८ ला चेन्नई परत आली तर कावेरीच्या आंदोलनामुळे चेपॉकवर खेळता येईना, म्हणून घरचे सामने गहुंजेला. चेन्नईहून अख्खी आगगाडी भरून पिवळे शर्टवाले आले होते. आमच्याच मैदानात आम्ही पाहुणे. पण एक सांगतो, त्या गाडीकडे बघून वाटलं होतं की दोन वर्षांची शिक्षा भोगून संघ परत आला तर चाहते असे परत येतात. संघच गेला तर आमच्यासारखी गत होते, दर तीन वर्षांनी नवीन जर्सी.

बोरीवली_फास्ट

एक धाव. 😄 थांबतो आता.

संपादक

वैयक्तिक चिमटे पुरे झाले. विषयावर या.

तिरुवनंतपुरम_व्हाया_ठाणे

केरळात राहणारा म्हणून थोडं फुटबॉल. ३ मार्च २०२३, कांतीरवा स्टेडियम. जादा वेळेत बंगळुरूच्या छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारली आणि पंचांनी गोल दिला. प्रशिक्षक वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला. फेडरेशनने क्लबला ४ कोटी दंड केला, जाहीर माफी मागा नाहीतर ६ कोटी, आणि प्रशिक्षकाला दहा सामने बंदी. क्लबने माफी मागितली आणि वर अपीलही केलं. फेटाळलं गेलं. मग लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेले, तिथेही हरले.

इथले चाहते तरीही खूश होते, कारण मालक आपल्या बाजूने उभा राहिला एवढं त्यांना पुरे होतं. त्यांना दंडाच्या रकमेशी काय करायचंय! मला ते पटत नाही. ४ कोटीत अकादमीची किती मुलं सांभाळली गेली असती. आधी माफी आणि मग अपील यातून नेमकं काय साधलं?

चार्ल्सकाठचा_चिंतू

लोझानला जिंकलेलेही आहेत. मँचेस्टर सिटीला युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) २०२० मध्ये दोन हंगाम बंदी आणि ३ कोटी युरो दंड केला होता. जुलैमध्ये तिथे बंदी रद्द झाली, दंड १ कोटीवर आला. काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही मुदतबाह्य निघाले. चाहत्यांनी निर्दोष सुटल्यासारखा जल्लोष केला, बाकी इंग्लंड अजून "मुदतबाह्य" हाच शब्द उच्चारतं. तोही एक खर्च असतो भांडणाचा.

गल्लीतला_पंच

नागपूरकर, चेन्नईच्या प्रश्नाला उत्तर देतो. होय, भांडायला हवं होतं आणि हरायलाही हवं होतं. दोन्हीत विरोध नाही. अपील केलं म्हणून गुन्हा धुतला जात नाही. पण शिक्षा देणाऱ्याला आपला निर्णय कुणीतरी बाहेरचा तपासणार आहे हे माहीत असलं पाहिजे. लोढा समिती बाहेरची होती, म्हणून ती शिक्षा तुम्हाला पटली. बोर्डाच्याच समितीने दिलेली क्लीन चिट पटली होती का?

चौथा_पंच_नागपूर

नव्हती. पण ती क्लीन चिट मोडून काढायला कुठला संघमालक कोर्टात गेला होता, ते सांगा. दहा-बारा अब्जाधीश त्या लीगमध्ये बसलेले. एकानेही तोंड उघडलं नाही.

गल्लीतला_पंच

कोण गेलं होतं मग?

अ‍ॅडव्होकेट_ऑफस्पिन

क्रिकेट असोसिएशन ऑफ बिहार. जनहित याचिका होती. ज्या संघटनेला बोर्ड तेव्हा मान्यताही देत नव्हतं आणि जिचा रणजीत संघ नव्हता, तिने. बिहारला रणजी परत मिळाली २०१८-१९ च्या हंगामात.

बोरीवली_फास्ट

ऑफस्पिन, एक शंका. चाहत्यांना असा दावा लावता येतो का? उदा. गहुंजेकरांना, १७५ बद्दल?

अ‍ॅडव्होकेट_ऑफस्पिन

मुदतबाह्य.